खाडीपार सोडलेला बोका

उंदरांनी माझं जाळं खाल्लं त्या दिवशी मी जाळी ठेवायच्या मांगराच्या दाराला अशी लाथ घातली की दार बिजागरीसकट निखळलं. जाळं तर गेलंच होतं, वर दार बसवायला दोन दिवस गेले. माझं हे असंच आहे. आधी हातपाय चालतात, डोकं मागाहून येतं. पूर्णगडात मला तोंडावर लवू तांडेल म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही.

जाळं म्हणजे काय हे समुद्रावर न जाणाऱ्याला सांगून कळायचं नाही. पावसाचे चार महिने माझी बायको सगुणा मांडीवर सूत वळत बसायची आणि मी विणत बसायचो. मग ऐनाच्या सालीच्या काढ्यात ते रंगवायचं, वाळवायचं आणि मांगराच्या माळ्यावर ठेवायचं. कितीही धुतलं तरी जाळ्याला माशाचा वास राहतो आणि उंदराला तेवढा पुरतो. एकोणीसशे बत्तीस साली त्यांनी माझं सगळ्यात लांब जाळं मधोमध असं कुरतडलं की भोकातून माझं डोकं आरपार गेलं. विष ठेवायचं तर शेजारच्यांच्या कोंबड्या मरायच्या. तेव्हा मांजर आणायचं ठरलं.

पूर्णगडच्या समोर, खाडीपलीकडे गावखडी. माझी धाकटी बहीण हिरा तिथे दिलेली. पुढच्या वर्षी फाल्गुनात तिच्या घरची भाटी, म्हणजे मांजरी, व्याली आणि चार दिवसांनी कोल्ह्याने नेली. पिल्लांतलं एकच जगलं, तेही हिराने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं म्हणून. भुऱ्या रंगाचा बोका, म्हणून नाव भुऱ्या. तिच्या पदरात झोपायचा, तिच्या मागून विहिरीपर्यंत जायचा. वैशाखात मी होडी घेऊन गेलो तर तो तिच्या मांडीवरून उतरेना.

"दादा, ने ह्याला. तुजा जाळा वाचूदे," हिरा म्हणाली. "पन वाटेत पिशवीचा तोंड उघडू नको. आनि सात येळा गरागरा फिरव, म्हंजे परतीची वाट इसरता."

मला हसू आलं. पण तिने स्वतःच पिशवी धरून अंगणात सात फेरे घेतले आणि डोळ्याला पदर लावला. खाडीच्या मध्यावर आल्यावर मीही वल्हं एका बाजूला मारून होडी गोल फिरवली. तरीवर माणसं पार नेणारा धाकू लांबून ओरडला, "लवू, दारू पेलास काय रे?" मी त्याला एक शिवी दिली आणि सातही फेरे पुरे केले.

घरी सगुणाने पिल्लाच्या चारी पावलांना खोबरेल चोपडलं. तेल चाटून होईपर्यंत मांजराला नव्या घराचा वास लागतो, असं आमच्याकडे मानतात. मग त्याला तीन वेळा चुलीभोवती फिरवलं, आणि आठ दिवस मधल्या मेढीला दोरीने बांधून ठेवलं. आठ दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी माझ्या अंगठ्यात दात रोवले तसा मी त्याला झटकून भिंतीवर फेकला. सगुणाने त्या रात्री माझ्या ताटात नुसती पेज वाढली.

तिचं बोलणं कमी होतं त्याला कारण होतं. आमची दोन मुलं गेली होती. एक जन्मताच, एक आठ महिन्यांचं होऊन. पिल्लू घरात आलं त्या सुमारास तिला तिसऱ्यांदा दिवस गेले. ती भुऱ्याला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्याशी जे बोलायची ते माझ्याशी कधी बोलली नाही. मला राग यायचा. कोणाचा ते मला सांगता येत नसे.

भाद्रपदात भुऱ्याच्या अंगात वारं शिरलं. तीन तीन दिवस गायब. किल्ल्यात एक दांडगा बोका होता, मान माणसाच्या गुडघ्याएवढी जाड. तो भुऱ्याच्या मागे मांगरात शिरला आणि दोघांनी मिळून माळ्यावरची जाळी, दोऱ्या, टोपल्या सगळं खाली आणलं. मी काठी घेऊन धावलो तेव्हा दोघांचा एकच गोळा झाला होता आणि त्यातून केस उडत होते. किल्ल्यातला निघून गेला. भुऱ्याचा एक कान मांगरातच राहिला. डावा डोळा बंद, छाती फाटलेली, आणि तरी त्याला दोन दिवसांत पुन्हा बाहेर जायचं होतं.

"ह्याला खच्ची करून घ्या," सगुणा म्हणाली. "नायतर ह्यो एक दिवस परत यायचा नाय."

गणपती झाले की संगमेश्वराकडून दाजी यायचा. बैल बडवणं हा त्याचा धंदा. म्हातारा, काटकुळा, पण त्याच्या हातात आलेलं जनावर कधी सुटलं नाही. भुऱ्याला बघून तो म्हणाला, "ह्याला बडवीत नाय. ह्याला कापायचा. घोंगडी आन." घोंगडीची सुरळी करून त्याने भुऱ्याचं डोकं आणि पुढचे पाय तिच्यात कोंबले. "तोंड काळोखात गेला की जनावर निम्मा गप होता. बाकीचा निम्मा तू धर."

बाकीचं निम्मं मी धरलं. दाजीने वस्तरा तळहातावर दोनदा फिरवला, मागच्या पायांमध्ये दोन चिरा दिल्या आणि अंगठ्याने दाबलं. सुरळीच्या आतून जो आवाज आला तो मांजराचा नव्हता. गरम मूत माझ्या छातीवर आलं. मागच्या पायाची एक नखी माझ्या मनगटात शिरली ती हाडापर्यंत. दाजीने चिमटीत धरून ओढलं, पीळ दिला, तोडलं. पुन्हा तेच. मग चुलीतली राख आणि हळद तेलात कालवून जखमेत भरली. दोन लहान तुकडे त्याने परसात फेकले आणि कावळ्याने ते जमिनीवर पडायच्या आत उचलले. सगुणा दाराबाहेर कानावर हात ठेवून उभी होती.

"झाला," दाजी म्हणाला. "आता ह्यो घर सोडायचा नाय."

सगुणाने पुन्हा त्याच्या पावलांना तेल लावलं. पाच दिवस तो मांगराच्या कोपऱ्यात पडून होता, माझ्याकडे बघतही नव्हता. सहाव्या दिवशी उठला आणि त्याने उंदीर मारायला सुरुवात केली. तसं मारणं मी पाहिलं नव्हतं. खायचा नाही. मान मोडायचा आणि ओळीने दारात मांडायचा. एका सकाळी मी अकरा उंदीर फावड्याने भरून टाकले. माझी जाळी त्या हंगामात अख्खी उतरली, एक गाठ तुटली नाही. मी भुऱ्याला बांगड्याचं डोकं ठेवायला लागलो. सगुणा बघायची आणि तोंड फिरवून हसायची. मी खूश होतो, उगाच खोटं कशाला सांगू.

दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी कातळावरून कोल्हा खाली आला. कोल्हा दिवसा माणसांत येत नाही. हा वाकडा वाकडा चालत होता आणि त्याच्या जबड्यातून लाळ लोंबत होती. शेजारच्या धोंडूचा कुत्रा भुंकत पुढे गेला, त्याला त्याने नाकावर फाडलं आणि तसाच आमच्या अंगणात शिरला. भुऱ्या अंगणाच्या दगडी गडग्यावर होता. दुसरं मांजर माडावर चढलं असतं. हा खाली उतरला. एक पंजा कोल्ह्याच्या डोळ्यात मारला, आणि कोल्ह्याने त्याला मांडीला धरून दोनदा झटकला.

मी वल्हं घेऊन धावलो. पहिला घाव पाठीत बसला तरी कोल्हा वळला नाही. दुसऱ्या घावाने तो खाली बसला. मग धोंडू आला, आणखी दोघे आले, आणि आम्ही चौघांनी त्याचं तोंड ओळखू येणार नाही इतकं त्याला हाणलं. खड्डा खणून पुरला, वर मीठ आणि दगड घातले. हात धुताना धोंडूने विचारलं, "तुज्या बोक्याला चावला काय रे?"

दारात सगुणा उभी होती, सहा महिने सरलेलं पोट दोन्ही हातांनी धरून. "नाय," मी म्हणालो. "नुसता पंजा लागला."

धोंडूने कुत्र्याला साखळीने बांधून ठेवलं. भुऱ्याची मांडी भरून आली, केस आले, तो पुन्हा उंदीर मांडायला लागला. मी मनाशी म्हटलं, मांजराला नऊ जीव असतात, ह्याचा एक गेला. पंधरा दिवसांनी धोंडूचा कुत्रा पिसाळला. साखळी चावून त्याने दात मोडले, मग दाराची चौकट चावत बसला, आणि पाण्याची घागर दिसली की अंगातून वीज गेल्यासारखा उडायचा. धोंडूने त्याला कोयत्याने तोडला. आठ वर्षांचा कुत्रा होता. धोंडू घाव घालताना रडत होता, पण घातले.

नरकचतुर्दशीला पहाटेची अंघोळ करून मी मांगरात गेलो तर दारात उंदीर नव्हते. भुऱ्या जाळ्याच्या ढिगाखाली होता. हाक मारली तर आतून घोगरा, लांबलेला आवाज आला. बांगड्याचं डोकं ठेवलं, त्याला तोंड लावलं नाही. माझी सावली त्याच्या अंगावरून गेली तसा तो सावलीलाच चावायला धावला आणि जमिनीवर दात आपटले. मला सगळं कळलं. मी कोयता घेतला.

सगुणा दारातच होती. तिने वाट अडवली नाही, ती खाली बसली आणि तिने माझे पाय धरले. त्या अवस्थेत तिला खाली बसणं जमत नव्हतं.

"अवो, पाया पडतंय तुमच्या. दोन गेली माजी. पोटुशी बायको घरात असताना कोन मांजर मारतो? मांजर मारला तर काशीला सोन्याचा मांजर द्यावा लागता, तरी फिटत नाय. ता पोराच्या मानेवर बसता."

"रोज पाटीभर मासे मारतो मी, ता दिसत नाय?"

"माशाला कोन मांजर म्हनत नाय," ती म्हणाली.

वाद घालायला मी कच्चा नाही, पण तिने माझे पाय सोडले नाहीत. आणि खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. त्या दोन मुलांना मीच पुरलं होतं. तिसरं पुरायची माझी तयारी नव्हती. मी कोयता आढ्याला खोचला.

मग मी मला हुशारीची वाटली ती गोष्ट केली. जुनं जाळं वरून टाकून भुऱ्याला गुंडाळला, हाताला घोंगडी बांधून त्याला किंतानाच्या पिशवीत कोंबला आणि तोंड आवळलं. डोकं काळोखात गेलं तसा तो निम्मा गप झाला. होडी लोटली. खाडीच्या मध्यावर सात वेळा फिरवली. पलीकडच्या पुळणीवर, वस्तीपासून दूर, केवड्याच्या बेटापाशी पिशवी ठेवली, वल्ह्याच्या टोकाने दोरी सोडवली आणि मागे पळालो. तो बाहेर आला, थोडा वेळ वाळूत उभा राहिला, आणि केवड्यात शिरला. दोन दिवसांत तिथेच मरेल, आपोआप मरेल, माझ्या हाताला काही लागणार नाही. परत येताना मी अगदी मोकळा झालो होतो. घरी येऊन पोहे खाल्ले. धोंडूला सांगितलं, बोका हरवला.

आणला होता तोही तिकडूनच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी सात वेळा फिरवलं होतं ना.

भाऊबिजेला मी हिराकडे गेलो. दारात रांगोळी होती. तिचा नवरा रघू शिडाच्या गलबतावर असायचा, तोही दिवाळीला घरी आला होता. त्याने माझ्या हातातली शहाळी उतरवून घेतली, पाय धुवायला पाणी दिलं. मधल्या घरात फणसाचा पाट मांडलेला. आमच्या बापाने हिराच्या लग्नात दिलेला, दोन बोटं जाड, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं. मी त्याच्यावर बसलो. हिरा ताट घेऊन आली. तिच्या डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, हळदीने पिवळं झालेलं.

"हाताला काय झाला गो?" मी विचारलं.

ती हसली. "तुजी चोरी पकडली मी. तुजा बोका आलाय माज्याकडं. काल सांजचा परड्यात उबा. सात येळा फिरवलास म्हने. मी मांडीवर घ्यायला गेलंय तर चावला. इसरला मला मेला. आता कनगीच्या मागं जाऊन बसलाय, दूध ठेवला तर बगत नाय."

तिने कुंकू लावायला बोट पुढे केलं. माझ्या कपाळाला ते लागलं तेव्हाच कणगीमागून तो घोगरा आवाज आला.

मी त्या वेळी काय विचार केला हे पुष्कळांनी पुढे विचारलं. मी काहीच विचार केला नाही. भुऱ्या कणगीच्या कडेने बाहेर आला, मागचे पाय ओढत, मान तिरपी, आणि ताटातल्या दिव्याकडे बघून तोंड वासलं. हिरा दिवा धरून मधे उभी. मी तिला खांद्याने ढकललं. ताट उडालं, दिवा विझला, तांदूळ सगळीकडे. मी पाट उचलला आणि आपटला. पहिला घाव त्याच्या पाठीवर बसला, तो वळून पाटाला चावला आणि दात पितळेत अडकले. दुसऱ्यांदा त्याच्यासकट पाट उचलून जमिनीवर मारला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा पाट मधोमध दुभंगला, आणि तरी मी अर्धी फळी घेऊन मारत होतो. रघूने मागून कमरेला मिठी मारून मला ओढला तेव्हा जमिनीवर मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या कपाळावरचं कुंकू ओघळून डोळ्यात गेलं होतं.

"येडा झालास काय?" रघू ओरडला. "सनाच्या दिवशी? घरात? मांजराला?"

"पिसाळलेला होता," मी म्हणालो. "दसऱ्याला कोल्हा चावलेला त्याला."

रघूचे हात सैल पडले. हिरा भिंतीला टेकून उभी होती. तिने आपल्या हाताच्या फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला म्हायत होता?" रघूने विचारलं.

"होता."

"मंग ह्यो हितं आला कसा?"

खोटं बोलायला जागा होती. आपोआप पोहत आला म्हणालो असतो तर त्या घटकेला कोणी शंका घेतली नसती. पण हिरा माझ्याकडे बघत होती. "मीच सोडला," मी म्हणालो. "पुळनीवर. सगुणाच्या पोटात पोर हाय म्हनून मारला नाय."

रघूने मला मारलं. पहिली मूठ तोंडावर बसली, पुढचा एक दात गेला. मी खाली पडल्यावर त्याने लाथांनी मारलं, बरगड्यांत, पाठीत, त्याच पाटाच्या अर्ध्या फळीने मांड्यांवर. मी हात वर केले नाहीत. जन्मात पहिल्यांदा मी मार खात होतो आणि मला राग येत नव्हता. शेवटी हिराच म्हणाली, "पुरे. रत्नागिरीला जायला होडी कोन वल्हवनार?"

दोघांनी मिळून वल्हवली. मग शीड लावलं, जमिनीवरचा वारा मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही रत्नागिरीला लागलो. मी रक्ताळलेल्या तोंडाने, रघू माझ्याकडे पाठ करून, मधे हिरा, फडक्यातला हात मांडीवर घेऊन. वाटेत रघूच्या तोंडून एकच वाक्य निघालं. "हिला काय झाला तर तुला मी समुद्रात बुडवीन, आनि मला त्याचा पाप लागनार नाय." मी मान हलवली. मला ते कबूल होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने जखम बघितली. अंगठ्याच्या बुडाशी दोन गोल भोकं. त्याने त्यात जळजळीत औषध ओतलं तेव्हा हिराने ओठ चावला, ओरडली नाही. चौदा दिवस रोज एक सुई, पोटात. औषध होतं, पण चौदा दिवस पुरेल इतकं नव्हतं, बाकीचं मुंबईहून आगबोटीने मागवलं. आगबोट यायची त्या दिवशी मी पहाटेपासून बंदरावर उभा होतो. पेटी उतरली तेव्हा हमालाच्या हातातून घेऊन मी धावलो आणि दवाखान्याच्या पायरीवर पडलो, पण पेटी वर धरली होती.

सुई जाड होती. तीन दिवसांत तिच्या पोटावर सुपारीएवढ्या गाठी आल्या, मग त्या गाठींवरच टोचावं लागायचं. रघू तिचे खांदे धरायचा, मी पाय. मला दाजीची आठवण यायची आणि मी डोळे मिटून घ्यायचो. चौदा दिवसांत हिरा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी दिलेलं पाणी घ्यायची, मी आणलेली पेज खायची, पण तोंड भिंतीकडे. पाणी ती प्रत्येक वेळी कसं पिते ते मी दाराआडून बघायचो. घोट उतरला की माझा श्वास सुटायचा.

चौदावी सुई झाली आणि रघू तिला घेऊन गेला. मला म्हणाला, खाडी ओलांडू नको. डॉक्टरने सांगितलं होतं, तीन महिने निघाले की बहुतेक निभावलं. ते तीन महिने मी आमच्या काठावरून गावखडीकडे बघत काढले. तरीवरच्या धाकूला रोज विचारायचो, "पानी पिते काय रे?" तो म्हणायचा, "पिते." एके दिवशी चिडून म्हणाला, "विहिरीवर घागर घेऊन जाते, पानी भरते, पिते, आनि तुजा नाव काढीत नाय. आता पुरे कर."

पौषात सगुणा बाळंत झाली. मुलगी. काळीसावळी, धडधाकट, पहिल्या दिवशीच तिने माझं बोट असं धरलं की सोडेना. मी मांजर मारलं होतं, घरात, सणाच्या दिवशी, पाटाने, आणि तिच्या मानेवर काही बसलेलं नव्हतं. सगुणाने भटजींना विचारून काही दान केलं, मी विचारलं नाही काय ते. पोरीकडे बघताना मला आनंद व्हायचा आणि त्याच घटकेला आतून जळायचं. कोयत्याचा एक घाव. त्या दिवशी मांगरात तो घातला असता तर सगळं तिथेच संपत होतं. सगुणालाही ते कळलं होतं. पोरीचं नाव जनी ठेवलं.

वर्ष गेलं. हिरा जगली. दुसऱ्या दिवाळीला मी भाऊबिजेच्या सकाळी घरातच बसून होतो, जाळ्याची गाठ मारत, तर धाकू दारात आला.

"तुज्या बहिनीचा सांगना हाय," तो म्हणाला. "ओवाळना अर्धा ऱ्हायलाय, ता पुरा करून जा."

मी गेलो. रघू अंगणात होता, त्याने मान फिरवली, पण अडवलं नाही. मधल्या घरात रांगोळी आणि रांगोळीत पाट. तोच. सुताराकडून खालून दोन लोखंडी पट्ट्या मारून जोडलेला. पितळेच्या एका फुलावर दातांचे ओरखडे तसेच होते. मी उभा राहिलो.

"बस," हिरा म्हणाली. वर्षानंतर तिचा पहिला शब्द.

बसलो. जोडावरची फट मांडीला चिमटत होती. तिने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ताट उचललं. दिवा माझ्या तोंडासमोर आला आणि तिथेच थांबला. तिच्या अंगठ्याच्या बुडाशी दोन पांढरे गोल व्रण होते.

"एक सांग दादा," ती म्हणाली. "मी वर्सभर इचार करतंय. पुळनीवर पिशवी सोडलीस तवा ह्यो कुनाच्या घरात जाईल असा तुला वाटला? माज्या नाय, मला ठावं हाय. पन कुनाच्या? शेजारच्या जनाबायच्या? राहीच्या? तिला तर दोन पोरा अंगनात खेळतात."

वर्षभर मी स्वतःला सांगत आलो होतो की केवड्याच्या बेटात तो मरेल असं मला वाटलं. ते अर्धंच खरं होतं.

"कुनाचाच घर माज्या मनात आला नाय," मी म्हणालो. "मी ह्या काठाला फक्त पलीकडं म्हनत होतो. हितं मानसा ऱ्हातात ह्याच माज्या डोक्यात आला नाय."

तिने दिवा माझ्याभोवती फिरवला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"दुसरा काय बोलला असतास तर ताट खाली ठेवनार होतंय," ती म्हणाली. "आता उठू नको मधेच. जेवून जा."